आजोबांच्या कोबीचं बी शोधताना: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्या तळाशी आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. त्यातल्या एका वहीत भाद्रपदातल्या खर्चात एक ओळ आहे: ‘कोबी डमरेट बी १ औंस’. आजी आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून तोच शब्द वापरते. डमरेट कोबी. तिच्या सांगण्यात तो गड्डा इतका चपटा आणि घट्ट असायचा, की त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला तरी कलंडायचा नाही. सासवडच्या बाजारात तो अर्धा कापून विकायला लागायचा, कारण एका घराला अख्खा गड्डा संपत नसे.

गेली तीन वर्षं मी त्या कोबीचं बी शोधते आहे. या काळात ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच लोकांनी मला आपापल्या घरच्या कोबीबद्दल विचारलं, आणि प्रत्येकाची सुरुवात त्याच ठिकाणी चुकत होती जिथे माझी चुकली होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुमचा कोबी वेगळा असेल, गाव वेगळं असेल, पण वाट बरीचशी हीच आहे.

आधी घरात विचारा, आणि नेमकं विचारा

‘जुना कोबी कसा होता?’ असं विचारलंत तर उत्तर एकच येणार: ‘गोड होता, आताच्यासारखा नव्हता.’ त्यावरून वाण सापडत नाही. खुणा विचारायच्या.

पहिली खूण आकाराची. गड्डा चेंडूसारखा गोल होता, भाकरीसारखा चपटा होता, की वर टोक असलेला होता? दुसरी खूण वजनाची. किलो-दीड किलोचा, की तीन-चार किलोचा? तिसरी पानाची: हिरवं, की निळसर झाक असलेलं? पानावर अंगठा फिरवला तर पांढरं मेण पुसलं जायचं का? आणि सगळ्यांत कामाची खूण म्हणजे दिवस. म्हाताऱ्या माणसांना लावणीची तारीख आठवत नाही, सण मात्र पक्के आठवतात. आजीनं सांगितलं, ‘गणपतीत रोपं टाकायची आणि संक्रांतीच्या सुगडांना पहिला कोबी निघायचा.’ हिशेब करा. गणपतीत बी टाकलं, महिनाभरानं रोपांची लावण झाली, तिथून संक्रांतीपर्यंत साधारण शंभर दिवस होतात. म्हणजे हा उशिरा येणारा वाण. एवढ्या एका वाक्यानं माझ्या यादीतले अर्धे वाण बाद झाले.

आपल्याकडे जुन्या काळी जे सुधारित वाण चालले त्यांचे स्वभाव थोडे लक्षात ठेवा. गोल्डन एकर हा लहान, गोल, किलो-सव्वा किलोचा, लावणीनंतर ६० ते ६५ दिवसांत तयार होणारा. मूळचा तो कोपनहेगन मार्केट नावाच्या डॅनिश कोबीतून निवडलेला आहे. प्राइड ऑफ इंडियाही त्याच्यासारखाच लवकर येणारा आणि गोल. स्वतः कोपनहेगन मार्केट जरा मोठा, अडीच-तीन किलोपर्यंत जाणारा. ड्रमहेड मंडळी चपटी, मोठी आणि सावकाश येणारी. सप्टेंबर नावाचा एक कोबी निलगिरीत वर्षानुवर्षं चालला: निळसर पानांचा, तीन ते पाच किलोचा, शंभर दिवसांच्या पुढे जाणारा. टोकदार गड्डा आठवत असेल तर जर्सी वेकफील्ड नावाच्या कुळाकडे बघायचं.

‘डमरेट’ म्हणजे ड्रमहेड, हे मला कळायला दोन महिने लागले. नावं अशीच शेतातून जाता जाता झिजतात. घरातलं नाव हसण्यावारी नेऊ नका. मोठ्यानं चार वेळा उच्चारून बघा, आणि इंग्रजी नावांच्या यादीशेजारी ठेवून बघा.

एक सावधगिरी इथेच सांगते. ड्रमहेड हे एका वाणाचं नाव नाही, ते आकाराचं नाव आहे. अर्ली ड्रमहेड वेगळा, लेट लार्ज ड्रमहेड वेगळा, आणि पुसा ड्रमहेड हा तर भारतीय कृषी संशोधन संस्थेनं इस्राएलहून आलेल्या साहित्यातून निवडलेला. चांगला कोबी आहे तो, पण आजोबांचा नव्हे. आडनाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही.

घरचं बी असं काही नव्हतं

आता ती गोष्ट, जी मला कुणी सुरुवातीलाच सांगायला हवी होती.

मी पहिलं वर्ष गावात बी शोधण्यात घालवलं. कुणाच्या उतरंडीत, कुणाच्या माळ्यावरच्या गाडग्यात, राखेत घोळून ठेवलेलं काही असेल या आशेनं. वाल सापडले, पावटे सापडले, एक सुंदर काटेरी वांगं सापडलं. कोबी नाही. आणि तो सापडणारही नव्हता.

कारण असं. कांद्याला थंडी लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, हे शेतकऱ्याच्या घरातलं पोरही जाणतं. कोबीचंही तसंच आहे, फक्त त्याला थंडी कितीतरी जास्त लागते. कोबी हे दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात तो गड्डा धरतो, मग त्याला साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस तापमानाची सलग सहा-आठ आठवडे थंडी मिळाली, तरच दुसऱ्या हंगामात फुलाचा दांडा वर येतो. तीही रोप लहान असताना लागू पडत नाही. बुंधा निदान पेन्सिलीएवढा जाड झालेला असावा लागतो. आपल्याकडे देशावर अशी सलग थंडी पडत नाही. पहाटे पारा खाली गेला तरी दुपारी पंचवीसच्या पुढे जातो आणि सगळं फुकट जातं. महाबळेश्वरवरही भरवसा ठेवता येत नाही.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी या जातींचं बी कधी घरी धरलंच नाही. ते दर वर्षी विकत आणत. माझ्या वहीतल्या औंसाचा अर्थ मला मग कळला. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. ग्रॅमला अडीचशे-तीनशे दाणे धरले तर सात-आठ हजार दाणे, म्हणजे पाच-सहा गुंठ्यांची लावण. मी पुढच्या-मागच्या वह्या काढल्या. दर भाद्रपदात तीच ओळ होती. आजोबा बी जपत नव्हते, ते एका नावावर विश्वास ठेवून दर साली तेच नाव मागत होते.

म्हणून कोबीच्या बाबतीत गाडग्यात शोधायचं नाही, कागदात शोधायचं. ‘बी कुणी जपलं?’ हा प्रश्न सोडा आणि ‘बी कुठून यायचं?’ हा धरा. वाल-घेवडा-वांग्यासाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांच्या बीज बँकेकडे आशेनं बघता येतं, तिथलं काम मोलाचं आहे. पण त्या वाटेनं कोबी येणार नाही.

बी यायचं कुठून, याचा माग

कोबी मुळात आपला नव्हेच. कोबी हा शब्दही पोर्तुगिजांच्या ‘कोव्ह’वरून आलेला मानतात. इंग्रजी अमलात बी थेट युरोपातून यायचं. पुण्यात पेस्तनजी पोचा यांच्यासारखे बियाण्यांचे जुने व्यापारी होते, कलकत्त्यात सटन्सची शाखा होती. दुसऱ्या महायुद्धात युरोपची आवक तुटली, तेव्हा क्वेट्टा आणि काश्मीर इथल्या थंडीत भाज्यांचं बी तयार करायला सुरुवात झाली. फाळणीनंतर क्वेट्टा गेलं, आणि हिमाचलातल्या कुलू खोऱ्यातलं कटराईन हे कोबी-फ्लॉवरच्या बियाण्यांचं मुख्य ठाणं झालं. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आजही तिथे आहे. काळा कुजवा या रोगाला दाद न देणारा पुसा मुक्ता हा वाण तिथलाच.

मग १९८८ साली नवं बियाणे धोरण आलं, भाजीपाल्याचं परदेशी बी आणणं सोपं झालं, आणि थोड्याच वर्षांत कोबीची बाजारपेठ संकरित बियाण्यांनी व्यापली. शेतकऱ्याला दोष देण्यासारखं यात काही नाही. सगळे गड्डे एका दिवशी, एका वजनाचे निघाले तर एका टेम्पोत माल जातो. ज्याला आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर, घर चालवायचं आहे तो तेच घेणार. पण त्यामुळे जुन्या नावांची मागणी आटली, आणि मागणी आटली की कोबीचा वाण फार लवकर दुर्मीळ होतो, कारण तो कुणाच्याच घरी शिल्लक नसतो. वालाचा एक वेल परसात तगतो. कोबीला परसात तगताच येत नाही.

म्हणून तुमच्या आजोबांचा काळ आधी ठरवा. १९४० च्या आधीचा कोबी असेल तर मूळ युरोपात, १९५० ते १९८० मधला असेल तर बहुधा कुलू-काश्मीर किंवा निलगिरीत.

कागद कुठले बघायचे? घरातल्या वह्या, दुकानाच्या पावत्या, बियाण्यांचे रिकामे पत्र्याचे डबे (आमच्याकडे एकात सुया-दोरे होते), आडत्यांच्या पट्ट्या. घरात काही नसेल तर कृषी महाविद्यालयांची ग्रंथालयं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जुने अहवाल आणि मासिकं बघायला मिळतात, फक्त आधी रीतसर अर्ज करून जा. जुन्या मासिकांत लेखांपेक्षा जाहिराती वाचा. कुठल्या साली कोणता व्यापारी कोणत्या नावाचा कोबी विकत होता, ते जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं.

आता विचारायचं कुणाला

सगळ्यांत सोप्यापासून सुरू करा. गोल्डन एकर हा जुना वाण आजही मिळतो. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात तो दिसला नाही तर ‘सुधारित कोबी, संकरित नको’ असं स्पष्ट सांगून मागवून घ्या. राष्ट्रीय बीज निगमाच्या विक्री केंद्रात विचारा. दिल्लीला दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुसा कृषी विज्ञान मेळा भरतो, तिथे संस्थेच्या वाणांचं बी विकायला असतं. ओळखीचं कुणी जाणार असेल तर चिठ्ठी द्या. तुमच्या आजोबांचा कोबी गोल्डन एकर नसला तरी पहिलं वर्ष याच्यावरच हात बसवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दहा ग्रॅम दुर्मीळ बी हातात आल्यावर रोपं मररोगानं गेली तर जे वाटतं, ते मी अनुभवलं आहे.

थोडं अवघड असेल तर कृषी विज्ञान केंद्र गाठा. नारायणगाव, बारामती इथली केंद्रं भाजीपाल्याच्या पट्ट्यातली आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांना भेटताना ‘देशी कोबी हवा’ असं म्हणू नका. वाणाचं नाव, आकार, दिवस, काळ, असा एका पानाचा कागद नेऊन द्या. माझ्या कागदामुळे एका तज्ज्ञानं दहा मिनिटांत सांगितलं की सप्टेंबर आणि लेट ड्रमहेड यांतलाच कुठला तरी असणार, आणि थंड डोंगरातल्या लोकांना विचारा. तेवढ्यानं वर्ष वाचलं.

वाणांचं बी जपून ठेवणारी सरकारी जनुक पेढी म्हणजे दिल्लीचा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो. महाराष्ट्रात त्याचं केंद्र अकोल्याला आहे. इथलं बी संशोधनासाठी, लेखी करारावर दिलं जातं. आपण एकट्यानं जाऊन पाकीट मागायचं ते ठिकाण नाही. पण एखादं विद्यापीठ किंवा केंद्र तुमच्याबरोबर लावणीचा प्रयोग करायला तयार असेल, तर त्यांच्या नावानं मागणी करता येते. यासाठी चिकाटी लागते. पत्राला उत्तर आलं नाही तर महिन्यानं दुसरं पत्र, इतकंच करायचं असतं.

परदेशात मात्र जुन्या कोबींची फार नीट जपणूक झाली आहे. जर्मनीत गाटर्सलेबेन, नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेन, इंग्लंडमध्ये वेल्सबोर्न इथल्या पेढ्यांत कोबीचे जुने वाण आहेत. हौशी लोकांसाठी अमेरिकेतली सीड सेव्हर्स एक्स्चेंज (आता आयोवा राज्यात, स्थापना १९७५), इंग्लंडमधली हेरिटेज सीड लायब्ररी आणि ऑस्ट्रियातली आर्के नोआ या संस्था आहेत. गाटर्सलेबेनच्या याद्या घरबसल्या वाचता येतात, आणि बी मागायचं नसलं तरी त्या वाचाव्यात, कारण एकाच कोबीची चार देशांतली चार नावं तिथे शेजारी-शेजारी दिसतात.

पण बी पार्सलनं मागवू नका, आणि अमेरिकेतल्या भाचीला ‘बॅगेत चार पाकिटं टाक’ असंही सांगू नका. वनस्पती संगरोधाचा २००३ चा आदेश आहे. परदेशी बी भारतात आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नियम कटकटीचा वाटतो, पण बियांतून येणारे रोग खरे आहेत. काळा कुजवा बियांतूनच येतो, आणि आपल्या हौसेपायी शेजाऱ्याच्या दोन एकर कोबीला तो लागला तर ते आपल्याला सोसवणार नाही. जे मराठी वाचक तिकडेच राहतात, त्यांनी मात्र तिथल्या संस्थांचं सदस्य व्हावं आणि तिथेच वाफा करावा. तुम्हाला थंडी आयती मिळते. आजोबांचा वाण तुमच्या परसात बी धरेल, जे इथे आमच्या रानात होत नाही.

मला स्वतःला बी मिळालं ते निलगिरीतल्या एका हौशी बागाईतदाराकडून, आमच्या पावट्याच्या आणि त्या काटेरी वांग्याच्या बियांच्या बदल्यात. दहा ग्रॅम, कागदाच्या पुडीत, पुडीवर पेन्सिलीनं ‘लेट ड्रमहेड’ आणि साल. साल लिहिलेलं होतं म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. देवाणघेवाण करताना नुसतं मागू नका, आपल्याकडचं काहीतरी घेऊन जा.

पाकीट वाचायला शिका

‘देशी’, ‘गावरान’, ‘पारंपरिक’ या शब्दांना बियाण्याच्या पाकिटावर काही वजन नाही. मी एकदा ऑनलाइन ‘गावरान कोबी’ म्हणून मागवलेल्या बियांतून पंधरापैकी नऊ रोपं नवलकोलाची निघाली. विकणाऱ्यानं मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली यांचं बी डोळ्यांनी ओळखता येतच नाही: सगळं गोल, तपकिरी-काळं, मोहरीसारखं.

बघायचं ते हे. ‘एफ १’ किंवा ‘संकरित’ लिहिलं असेल तर ते तुमचं नाही, त्याचं बी धरलं तरी पुढची पिढी विखुरते, एकसारखी येत नाही. वाणाचं नाव हवंच. लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवण टक्केवारी हवी. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, त्याच्या आधीच्या पिढीच्या पायाभूत बियाण्याला पांढरं, आणि मूळच्या पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळं. सत्यप्रत बियाण्याला हिरवट लेबल असतं, म्हणजे उत्पादकानं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं. निळं लेबल मिळालं तर उत्तम. पुडीतून आलेल्या बियांना लेबल नसतं, तिथे देणाऱ्याला विचारायचं: हे बी कुठल्या साली, किती झाडांवरून धरलं? जवळपास फ्लॉवर किंवा नवलकोल फुलात होता का?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत, मधमाश्या त्यांच्यात फरक करत नाहीत. प्रमाणित बियाण्यासाठी दोन प्लॉटमध्ये हजार मीटर अंतर ठेवतात ते याचसाठी.

बी हातात आल्यावर

सगळं बी एकदम टाकू नका. ही चूक उत्साहात होते. दहा ग्रॅमपैकी दोन ग्रॅम या वर्षी, बाकीचं काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणात, फ्रिजमध्ये. थंड आणि कोरडं राहिलं तर कोबीचं बी चार-पाच वर्षं टिकतं. आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलं तर दोन वर्षांतच मान टाकतं.

आधी उगवण बघा. मोजून पन्नास दाणे ओल्या सुती फडक्यावर ओळीनं मांडा, गुंडाळी करा, ताटलीत झाकून ठेवा, फडकं सुकू देऊ नका. तिसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसायला लागतात. पाचव्या आणि दहाव्या दिवशी मोजा. पस्तीस किंवा जास्त आले तर बी चांगलं आहे. पंधराच आले तरी टाकून देऊ नका, फक्त तिप्पट टाका. जुन्या वाणाच्या बाबतीत पंधरा मोड म्हणजेही पंधरा झाडं.

रोपं गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये करा. पहिली दोन दलं बदामाच्या आकाराची येतात आणि ती मोहरीचीही तशीच असतात, तेव्हा तिथे निर्णय करू नका. खरी पानं आली की बोट फिरवून बघा. कोबीचं पान गुळगुळीत, मेणचट आणि निळसर. मोहरी-मुळ्याच्या पानाला बारीक लव असते, बोटाला खरखरते. बुंधा जमिनीलगत फुगायला लागला तर तो नवलकोल, उपटून भाजीला न्या.

पंचवीस-तीस दिवसांची रोपं लावा. मोठ्या ड्रमहेडला दोन रोपांत दीड-दोन फूट तरी द्या. दाटीत लावलेला चपटा कोबी आपला आकार दाखवत नाही, आणि आपल्याला तर आकारच बघायचा आहे. लावण निदान चाळीस रोपांची हवी. शेजारी एक ओळ गोल्डन एकरची लावा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. दर रोपाला काठी आणि क्रमांक द्या, आणि एक वही ठेवा: गड्डा कधी धरला, किती दिवसांत घट्ट झाला, आकार, वजन, फुटला का. जुन्या वाणात झाडाझाडांत थोडा फरक असणारच, त्यानं घाबरू नका. चाळीसच्या चाळीस गड्डे साच्यातून काढल्यासारखे निघाले, तर उलट शंका घ्या, ते बहुधा संकरित आहे.

माझ्या चाळीसपैकी एकतीस झाडांनी गड्डे धरले. बारा चपटे होते, बाकीचे चपटे-गोल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आजीला खुर्चीवर बसवून रानात नेलं. तिनं एकेका गड्ड्यावर तळहात दाबून बघितला, मग तांब्या मागितला. तो बारापैकी चार गड्ड्यांवर बसला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘घरातला आहे हा. पण आपला याहून चपटा.’

बी धरायचं असेल तर

इथे मी अजून शिकते आहे, म्हणून झालेलंच सांगते.

पहिल्या वर्षी मी चपट्या बारा झाडांचे गड्डे कापले, बुंधे मुळांसकट उपटले, ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले. संक्रांतीनंतर ठेवलेले, ते मार्चच्या मध्याला बाहेर काढून कुंड्यांत लावले. पाच कुजले. सातांना दांडे आले, पिवळी चार पाकळ्यांची फुलंही आली, आणि एप्रिलच्या उन्हानं सगळी गळून पडली. एकही शेंग भरली नाही. थंडी मिळाली होती, पण फुलं कडक उन्हाळ्यात सापडली.

त्यावरून बदललेली रीत अशी. बी गणपतीत टाकायचं नाही, आषाढात टाकायचं. शेडनेटखाली रोपं वाढवायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बुंधा पेन्सिलीपेक्षा जाड झालेला असतो, तेव्हा रोपं मुळांसकट काढून, खालची पानं खुडून, आठ आठवडे चार-पाच अंशांत ठेवायची. फळं त्याच फ्रिजमध्ये नकोत, सफरचंद-केळ्यांच्या वायूनं कोबीची पानं गळतात. मार्गशीर्षात बाहेर काढून लावायची, म्हणजे फुलोरा माघाच्या गारव्यात येतो आणि शेंगा चैत्राच्या आत पिवळ्या पडतात. यात एक उणीव आहे: गड्डा बघायच्या आधीच झाड फुलात जातं, त्यामुळे निवड करता येत नाही. म्हणून ही रीत एका पिढीपुरतीच, बी वाढवण्यासाठी. पुढच्या वर्षी त्या बियांचा गड्डा धरून निवड करायलाच हवी, आणि खरं बी धरायचं काम कुलू किंवा निलगिरीतल्या कुणाबरोबर भागीत करायला हवं.

एकट्या झाडावर विसंबू नका. कोबीचं झाड स्वतःच्या परागानं बी धरत नाही, दुसरं झाड लागतंच. आणि दोन-तीनच झाडांचं बी पिढ्यान् पिढ्या धरलं तर वाण क्षीण होतो. वीस झाडं असावीत, जितकी जास्त तितकं बरं. तेवढी जागा माझ्याकडे नाही. शेजारच्या वाडीतल्या दोघींनी आपल्या फ्रिजचा एकेक कप्पा द्यायचं कबूल केलं आहे.

बी धरलं तर ते वाटायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी जपण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. पुडीवर नाव, गाव, साल आणि किती झाडांवरचं बी, एवढं मात्र लिहा.

या आषाढात टाकलेल्या बियांची सदतीस रोपं आता शेडनेटखाली आहेत, सहा-सहा पानांवर. दसऱ्यानंतर त्यातली वीस फ्रिजमध्ये जातील. भाजीचा कप्पा आजीनं आत्तापासूनच रिकामा करून, पुसून ठेवला आहे.